आरशावर क्लच घासणारी गोदा

कुणाच्या घरी माणूस आजारी आहे असं कळलं की माझी बायको गोदा आधी विचारायची, "औषधाची बाटली संपत आली का?" माणूस कसा आहे हे त्यानंतर. शेजारच्या बायकांना वाटे हिला रीतभात नाही. रीतभात होती, पण तिचं लक्ष बाटलीच्या बुचावर असे. बूच हातात आलं की ती ते नखाने दाबायची, वास घ्यायची, उजेडात फिरवून बघायची. आवडलं तर कनवटीला, नाही आवडलं तर तिथेच कचऱ्यात. मग म्हणायची, "आता सांगा, ताप उतरला का?"

बुचं लागायची माझ्या कामाला. मी चौथी शिकलेला, सातारा जिल्ह्यातला. लष्करात गाड्या दुरुस्त करायला शिकलो, शेवटची बदली फोर्ट विल्यमला झाली आणि नोकरी सुटल्यावर कलकत्त्यातच राहिलो. बेहाला या भागात एका गॅरेजात मिस्त्री म्हणून लागलो. तेव्हा रस्त्यावर जुन्या इंग्रजी मोटारसायकली पुष्कळ होत्या. त्यांच्या क्लचमध्ये लोखंडी प्लेटा असायच्या, प्लेटांना गोल भोकं आणि भोकाभोकांत बूच बसवलेलं. बूच दोन्ही बाजूंनी जरा वर राहतं आणि तेच शेजारची प्लेट पकडून गाडी ओढतं. झिजून काळं चकचकीत झालं की इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी चढावर जागची हलत नाही. नव्या प्लेटा मिळत नव्हत्या. मग जुनी बुचं काढायची आणि नवी भरायची.

ते भरणं गोदा करायची. घरीच. बुचं उकळत्या पाण्यात टाकायची, मऊ झाली की अंगठ्याने एकेक भोकात दाबायची. वाळली की माहेरहून आणलेला जाड आरसा जमिनीवर आडवा ठेवायची, त्यावर पॉलिशपेपर आणि त्यावर प्लेट गोल गोल घासायची. मी म्हणालो, "आरसा कशाला खराब करतेस?" तर म्हणाली, "ह्या घरात ह्याच्याइतकं सपाट दुसरं काय आहे? तुमची जमीन बघा." घासून झाली की प्लेटीवर पट्टी उभी धरायची. पट्टीखालून कुठे उजेड दिसला की पुन्हा घासायला बसायची. तिचं ठरलेलं वाक्य होतं, "उजेड दिसतोय." भाकरी वाकडी झाली तरी हेच, शेजारणीने खोटं सांगितलं तरी हेच.

गोदा चांगली होती असं मी लिहिणार नाही. चांगली बाई म्हणजे लोकांना वाटतं सगळं पोटात घालणारी. गोदा पोटात घालायची नाही, ठेवून द्यायची. आमच्या लग्नात तिच्या मामीने तिला काळी म्हटलं होतं. एकोणीस वर्षांनी ती मामी पाया पडवून घ्यायला पुढे आली, तर गोदा म्हणाली, "थांबा, काळे हात लागतील." मी म्हणायचो, "विसर की आता." ती म्हणायची, "विसरायला मला वेळ नाही. कामं पडलीत."

आता निताईचं सांगतो. निताई त्या गॅरेजात हेडमिस्त्री होता. गोड बोलणारा, केसांना तेल, खिशात कंगवा. मला "दादा, दादा" करायचा, गोदाला "बौदी", म्हणजे वहिनी. मला ताप येऊन मी चार दिवस घरी पडलो होतो, त्या दिवसांत सेनमास्तरांची मोटारसायकल क्लचसाठी आली. सेनमास्तर आमच्याच गल्लीतले, शाळेत गणित शिकवायचे. निताईला घाई होती. गोदाकडून बुचं आणायला तो आला नाही. बुचाचा भुगा गोंदात दाबून केलेली तयार बुचं त्याच्याकडे होती, ती त्याने भरली. असली बुचं तेलात गरम झाली की विरघळतात. हे मला माहीत, गोदाला माहीत आणि निताईला तर नक्कीच माहीत होतं.

आठवड्यात सेनमास्तर पुलाच्या चढावर अडकले. इंजिन ओरडलं, गाडी मागे सरकली, मागून लॉरी. माणूस वाचला, उजवा पाय मात्र कायमचा वाकडा झाला.

मी कामावर गेलो तेव्हा निताई हातात कागद घेऊन उभा. "दादा, इथे सही करा. प्लेटा उघडून बघितल्या एवढीच नोंद आहे." कागद बंगालीत. मला बंगाली बोलता येत होतं, वाचता येत नव्हतं. मी विचारलंसुद्धा नाही. आपल्या मराठीत सही ठोकली. कागदावर लिहिलं होतं की क्लच मी माझ्या हाताने भरला आणि चूक माझी. मालकाने तो कागद मास्तरांच्या भावांना वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी मी घरी.

गोदा गॅरेजात गेली होती. मला न सांगता गेली. काढलेल्या प्लेटा तिने बघितल्या, चुरा बोटावर घेतला आणि मालकाला म्हणाली, "ही माझी बुचं नाहीत. माझं बूच मी ओळखते." मालक हसला. निताईही हसला, "बौदी, बुचावर काय नाव लिहिलेलं असतं का?" ती घरी आली, हात धुतले आणि मला म्हणाली, "तुम्ही न वाचता सही केलीत?"

मी मान डोलावली.

"तुमच्यावरचा राग वेगळा आहे. तो मी रोज थोडा थोडा काढीन. त्याच्यावरचा एकदाच काढीन."

पहिला शब्द तिने पाळला. चहात साखर कमी पडली आणि मी काही बोललो की म्हणायची, "न वाचता पिता कशाला?"

मी घरापुढे पत्र्याच्या शेडमध्ये दुकान टाकलं. पण बेहालात नाव गेलं होतं. सायकली यायच्या, स्टोव्ह यायचे, एकदा शिवणाचं मशीन आलं. मोटारसायकल येत नव्हती. लोक जाताना सांगायचे, त्या मराठी मिस्त्रीने मास्तरांचा पाय घालवला. सेनमास्तर रोज सकाळी काठी टेकत शेडवरून जायचे. आधी हाक मारणारा माणूस. आता शेड आली की मान पलीकडे फिरवायचे, भिंतीकडे. त्या वेळी भिंती सगळ्या घोषणांनी भरलेल्या असत. मास्तर जणू त्याच वाचत चाललेत. मी हातातलं काम खाली ठेवायचो. सात वर्षं हे चाललं. मिस्त्रीचं नाव गेलं की हात असून उपयोग नाही, हे मी त्या सात वर्षांत शिकलो.

गोदा त्या काळात बंगाली वाचायला शिकली. आमची घरमालकीण, तिला सगळे माशिमा म्हणायचे, तिच्याकडे दुपारी जाऊन बसायची. बदल्यात माशिमाला पुरणपोळ्या. सहा महिन्यांत गोदा ट्राममधून जाताना दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचू लागली. लोक बघायचे, मला लाज वाटायची. "बघू दे," म्हणायची, "ह्या घरात एकाला तरी वाचता यायला हवं." मग लिहायला शिकली. आणि बुचं जमवणं चालूच. मी विचारलं, "आता कुणाच्या गाडीला? येतंय कोण?" ती म्हणाली, "येईल की." औषधाच्या बाटल्यांना पत्र्याची झाकणं यायला लागली, चांगलं बूच दिसेनासं झालं, पण गोदाचा पत्र्याचा डबा भरत होता.

निताईने दरम्यान स्वतःचं दुकान काढलं होतं, मोठ्या रस्त्यावर. एका नावाजलेल्या डॉक्टरांची जुनी मोटारसायकल त्याच्याकडे आली. डॉक्टरांच्या वडिलांची गाडी, वीस वर्षं झाकून ठेवलेली. निताईने गावभर सांगितलं की विश्वकर्मा पूजेच्या दिवशी ती फुलांनी सजवून दुकानापुढे उभी करीन आणि डॉक्टरबाबू तिच्यावर बसून घरी जातील. इकडे त्या दिवशी सगळे मिस्त्री हत्यारांची पूजा करतात, आकाशात पतंगच पतंग. क्लच त्याने दोनदा भरला. दोन्ही वेळा भुग्याची बुचं आणि दोन्ही वेळा विरघळली. बाजारात अखंड बूच मिळेना. पूजेला तीन दिवस राहिले तेव्हा तो आमच्या दारात उभा राहिला. प्लेटा कागदात गुंडाळलेल्या.

"बौदी, बुचं आहेत का तुमच्याकडे?"

गोदा तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आहेत. नाव लिहिलेलं नाही त्यांच्यावर. चालतील?"

निताईने प्लेटा उंबऱ्यावर ठेवल्या.

मला सांगायला लाज नाही, मी गोदाला आत ओढलं आणि म्हणालो, "दे त्याला. पण एक प्लेट वाकडी ठेवू. पूजेच्या दिवशी चार लोकांत फजिती होऊ दे." सात वर्षं मी हेच मनात घोळवत होतो. गोदाने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच निताई आहे.

"गाडीवर डॉक्टर बसणार आहे. त्याने काय केलंय आपलं? आणि निताईसारखं काम करून निताईला कसली शिक्षा? सरका."

बाहेर येऊन तिने आरसा आडवा ठेवला, पॉलिशपेपर ठेवला, स्टोव्हवर पाणी चढवलं. मला वाटलं आता बसेल कामाला. ती पाटावर बसली आणि निताईला म्हणाली, "बस. मी सांगते, तू कर."

हेडमिस्त्री, दुकानाचा मालक, आमच्या जमिनीवर मांडी घालून बसला. जुनी बुचं उकरली. नवी दाबली. एक बूच त्याने कोरडंच दाबायला घेतलं, ते फाटलं. "उकळलं का नाहीस? घाई आहे?" गोदाने विचारलं. घाई हा शब्द तिने असा उच्चारला की त्याने हात मागे घेतला. दुसऱ्या दिवशी वाळलेल्या प्लेटा घासायला तो सकाळीच आला. घासायचा, गोदापुढे धरायचा. गोदा पट्टी लावायची.

"उजेड दिसतोय."

तो पुन्हा घासायचा.

"उजेड दिसतोय."

दुपारपर्यंत त्याच्या तेलाचा भांग विस्कटला, घाम आरशावर टपटपला. गोदाने फडकं फेकलं, "पूस. पेपर ओला झाला की वाकडं घासतं." माशिमा जिन्यावरून बघत होती, खालच्या दोन बायका बघत होत्या. किती वेळा "उजेड दिसतोय" झालं ते मी मोजलं नाही. संध्याकाळच्या आत एकदा पट्टी लावून ती गप्प बसली. निताई हसला. "झालं ना, बौदी?"

"प्लेटा झाल्या," गोदा म्हणाली, आणि प्लेटा पदराखाली घेतल्या. मग कपाटातून कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. तिच्या हातचं बंगाली, अक्षर मोठं मोठं, शाळेतल्या पोरासारखं. "वाच. मी तुला न वाचता सही करायला सांगणार नाही."

त्याने वाचलं. तोंडाचा रंग उतरला. त्यात सगळं होतं: ताप, भुग्याची बुचं, चढ, सहीचा कागद.

"बौदी, मी इथे तुमच्यापुढे कबूल करतो. पाय धरतो."

"माझा पाय शाबूत आहे. ज्याचा मोडला त्याच्यापुढे वाच. पूजेच्या दिवशी, सगळे मिस्त्री असतील तेव्हा."

"माझं दुकान बसेल."

"ह्यांचं बसलं तेव्हा तू काय केलंस? कंगवा फिरवलास."

तो उठला, दारापर्यंत गेला, पुन्हा आला. डॉक्टरांना काय सांगायचं, हे त्याच्या डोळ्यांत मला दिसत होतं. मला त्याची दया आली. खरं सांगतो, जराशी आली. मी म्हणालो, "गोदे, नुसती सही घेऊन टाक." ती माझ्याकडे वळली. "सही? सहीवर तुमचा अजून विश्वास आहे?"

निताईने कागद उचलला. मग तिने प्लेटा दिल्या.

पूजेच्या सकाळी गोदा सेनमास्तरांच्या दारात गेली. मास्तर दारातच म्हणाले, "आपल्याशी मला बोलायचं नाही." ती म्हणाली, "बोलू नका. ऐकायला या. तुमच्या पायाची गोष्ट आहे." ते आले. निताईच्या दुकानापुढे देवाची मूर्ती, हत्यारांवर फुलं, डॉक्टरांची गाडी झेंडूच्या माळा घालून उभी. वर पतंग काटले जात होते, गच्च्यांवरून आरडाओरडा. निताईने कागद धरला आणि पुटपुटायला लागला. गोदा मागून म्हणाली, "जोरे पोडो." मोठ्याने वाच. त्याने मोठ्याने वाचलं. हळूहळू मिस्त्री जवळ सरकत गेले.

वाचून झाल्यावर मास्तरांनी एकच विचारलं, "बूच विरघळणार हे तेव्हा माहीत होतं तुला?"

निताई म्हणाला, "माहीत होतं."

मास्तर बाकावर बसले. काठी दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ बसले. डॉक्टरांनी गाडी सुरू केली, चढावरून नेली, गाडीने एकदाही कुरकुर केली नाही. माझं लक्ष मास्तरांकडे होतं. ते उठले, माझ्यासमोर आले आणि म्हणाले, "जाधव, सात वर्षं मी भिंती वाचल्या."

दुसऱ्या दिवसापासून ते शेडमध्ये बसायला लागले आणि महिन्याभरात पहिली मोटारसायकल आली. निताईचं दुकान वर्षाच्या आत बंद झालं. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, डमडमला, दुसऱ्याकडे कामाला लागला असं ऐकलं. मी घरी सांगितलं तेव्हा गोदा म्हणाली, "काम मिळालं ना? तुम्हाला ते पण मिळालं नव्हतं." आणि भाकरी उलटली.

कागद वाचला त्याच वर्षी दुर्गापूजा संपल्यावर निताई आला होता. बंगाल्यांत विजयादशमी झाली की थोरांच्या पाया पडायला जातात. तो वाकला आणि गोदाने पाय लुगड्यात ओढून घेतले. तो वाकलेलाच राहिला. "बौदी, आता तरी?" गोदा म्हणाली, "पाय माझे आहेत. कुणी धरायचे ते मी ठरवीन." तो गेला तेव्हा मी म्हणालो, फार झालं. ती म्हणाली, "तुम्हाला वाटतंय ना, मग तुमचे द्या. तुमच्यावर माझी सक्ती नाही." मी दिले नाहीत. का ते तेव्हा कळलं नव्हतं.

गोदा या पावसाळ्याच्या शेवटी गेली. दम्याने. सव्वीस दिवस दवाखान्यात होती. नर्स बाटली बदलायला आली की तिचे डोळे झाकणाकडे जायचे. झाकण प्लास्टिकचं. ती तोंड फिरवायची. शेवटच्या दिवशी तिने माझ्या शर्टाची कॉलर दोन बोटांनी सरळ केली. बोलली नाही. सत्तेचाळीस वर्षांचा संसार आणि मला शेवटचा शब्दसुद्धा नाही. त्याचा मला तिच्यावर राग आहे. आता कुणापुढे काढू?

तेराव्याला घर भरलं होतं. मुलाच्या ऑफिसातले लोक, आपल्या मराठी मंडळातले, सेनमास्तरांची सून. आणि काठी घेऊन निताई आला. म्हातारा झालेला, केस नाहीत. हातात रजनीगंधाची माळ. त्याने ती गोदाच्या फोटोला घातली, हात जोडले आणि भरल्या घरात रडत रडत म्हणाला, "फार मोठ्या मनाची बाई. मी एवढं मोठं पाप केलं, तरी बौदींनी मला माफ केलं होतं. स्वतःची बुचं दिली मला."

सगळ्यांचे डोळे भरले. मंडळाच्या बाई म्हणाल्या, "किती क्षमाशील होत्या हो!" माझा मुलगा इथेच जन्मलेला, त्याचं मराठी असंच. म्हणाला, "बाबा, ओनाके बसू दे ना, जेवण दे." बंगालीतलं ओनाके म्हणजे त्यांना.

मी उठलो. गुडघे दुखतात, वेळ लागला. फोटोवरची त्याची माळ मी काढली.

"तिने तुला माफ केलेलं नाही," मी म्हणालो. "ती गेली म्हणून तिचं मत बदललं असं कुणी धरू नये."

"बाबा!" मुलगा ओरडला.

"तू गप. तुला तुझी आई क्षमाशील हवी असेल, ती दुसरी कुणी बघ. ही माझी बायको आहे. हिच्या तोंडी न बोललेला शब्द मी घालू देणार नाही. माझ्या सहीखाली एकदा दुसऱ्याचे शब्द घातले होते, तेवढं पुरे."

मी माळ निताईच्या हातात दिली. त्याने घेतली. दाराशी गेला, जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून थांबला आणि मागे वळून बघितलं. डोळे पुसून म्हणाला, "दादा, तुम्ही अगदी बौदींसारखे झालात."

तेरा दिवस लोक येऊन मला काय काय सांगत होते. देवाची मर्जी, सुटली बिचारी, धीर धरा. त्या सगळ्यातलं हे एकच बोलणं माझ्या आत कुठेतरी नीट बसलं. सांत्वन करायला त्यालाच यावं लागलं, याची चीडही आली.

पण पाणी मी त्याला विचारलं नाही.